बायबलमधले शहाणपण: ख्रिस्ती किशोरांनी बरे-वाईट कसे पारखायचे?

मोबाइल किती वेळ वापरावा, दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, ग्रुपवर आलेल्या व्हिडिओवर विश्वास ठेवावा का, अशा प्रश्नांची थेट उत्तरे बायबलमध्ये सापडत नाहीत. ख्रिस्ती घरांतली मुले तेरा-चौदा वर्षांची झाली की नेमकी इथेच अडतात. संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा पाठ झालेल्या असतात. पण मित्राने परीक्षेच्या आदल्या रात्री फुटलेला पेपर पाठवला, तर तो उघडायचा की नाही हे मुलाला एकट्यालाच ठरवावे लागते, आणि तेही दोन मिनिटांत.

अशा वेळी कामी येते ती पारख, म्हणजे विवेक. बायबलचा एक मोठा भाग याच विषयाला वाहिलेला आहे.

ज्ञान म्हणजे नेमके काय?

बायबलच्या जुन्या करारात ज्ञानासाठी ‘होख्मा’ हा हिब्रू शब्द येतो. त्याचा अर्थ केवळ पुस्तकी माहिती असा नाही. निर्गम या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे. सोने, रुपे, तांबे, दगड आणि लाकूड घडवण्याचे त्याचे कसब ‘होख्मा’ याच शब्दाने सांगितले आहे. सुताराला लाकडाचा दोरा कळतो, तसे माणसाला जगण्याचा दोरा कळणे म्हणजे ज्ञान.

शलमोन राजाची गोष्ट याच अर्थाने वाचायला हवी. राज्यावर आल्यावर त्याने देवाकडे मागितले ते दीर्घायुष्य नव्हे, धन नव्हे, शत्रूंचा नाशही नव्हे. त्याने मागितलेल्या गोष्टीचा हिब्रूतला शब्दशः अर्थ ‘ऐकणारे अंतःकरण’ असा होतो. बरे-वाईट ओळखता यावे म्हणून त्याला आधी ऐकता येणे हवे होते. बायबलच्या विचारात विवेकाची सुरुवात ऐकण्यापासून होते.

ज्ञानाची पुस्तके कोणती?

नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही तीन पुस्तके जुन्या करारातले ‘ज्ञान-साहित्य’ मानली जातात. कॅथलिक बायबलमध्ये बेन सिरा आणि शलमोनाचे ज्ञान ही पुस्तकेही असतात.

तिन्ही पुस्तके एकच सूर लावत नाहीत. नीतिसूत्रे सांगते की कष्ट, सचोटी आणि आवरलेली जीभ यांचे फळ सहसा चांगले मिळते. उपदेशक आठवण करून देतो की सगळे हिशेब या जगात जुळत नाहीत. ईयोब तर विचारतो, सचोटीने वागूनही संकट आले तर काय? तिन्ही एकत्र वाचली तरच चित्र पुरे होते.

नीतिसूत्रे हे पुस्तक तरुणांसाठीच आहे, असे म्हणता येईल. त्याची पहिली नऊ प्रकरणे बाप आपल्या मुलाशी बोलतो आहे अशा थाटात लिहिलेली आहेत, आणि आईच्या शिकवणीचा उल्लेखही त्यात पहिल्याच प्रकरणात येतो. एकूण प्रकरणे ३१. म्हणून महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक प्रकरण वाचण्याची पद्धत अनेक ख्रिस्ती कुटुंबांत आहे.

नियम पाठ असून भागत का नाही?

नीतिसूत्रेच्या २६व्या प्रकरणात एक गंमत आहे. मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसे उत्तर देऊ नये, असे चौथे वचन सांगते. लगेच पाचवे वचन सांगते की द्यावे. संकलकाच्या हातून ही चूक झाली असेल का? तशी शक्यता कमी, कारण दोन्ही वचने मुद्दाम शेजारी ठेवलेली दिसतात. दोन्ही खरी आहेत. कोणते कधी लावायचे हे ओळखणे वाचणाऱ्यावर सोपवले आहे.

वर्गाच्या ग्रुपवर कोणी धर्मावरून किंवा जातीवरून खिजवले, तर हाच पेच समोर येतो. उत्तर दिले तर भांडण वाढते आणि आपलीही भाषा घसरते. गप्प बसले तर खोटे तसेच पसरते. खिजवणाऱ्याला फक्त मजा हवी असेल, तर गप्प बसणे शहाणपणाचे. पण त्याच्या बोलण्याने एखाद्या मुलीची बदनामी होत असेल, तर शांतपणे खोडून काढणे आणि शिक्षकांच्या कानावर घालणे शहाणपणाचे.

नव्या करारात प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना असाच भेद करतो. एखादी गोष्ट करण्याची मोकळीक असणे आणि ती हिताची असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ती गोष्ट आपल्यावर ताबा मिळवते का, हेही तो पाहायला लावतो. रात्री दोनपर्यंत रील पाहणे हे पाप आहे का, असा वाद घालण्यापेक्षा ‘मी फोन वापरतो आहे की फोन मला वापरतो आहे?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

सल्ला कोणाचा ऐकायचा?

शलमोनाचा मुलगा रहबाम याची गोष्ट १ राजे या पुस्तकात आहे. लोकांनी त्याच्याकडे कामाचे ओझे हलके करण्याची विनंती केली. त्याने तीन दिवस मागून घेतले. वडिलांच्या काळातल्या वृद्धांनी सांगितले, लोकांशी गोडीने बोल. त्याच्याबरोबर वाढलेल्या मित्रांनी सांगितले, आणखी दरडाव. त्याने मित्रांचे ऐकले आणि दहा वंश त्याला सोडून गेले. राज्याचे दोन तुकडे झाले.

ही गोष्ट ‘मोठ्यांचे ऐका’ एवढ्यावर संपवली जाते. पण त्याच पुस्तकात रहबामाचे वय दिले आहे. राज्यावर आला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. म्हणजे बरोबरीने वाढलेले मित्रही काही कोवळी पोरे नव्हती. तो सल्लागारांकडे गेला होता, पण शेवटी मनाला सुखावणारे तेवढेच त्याने उचलले.

उलट बाजूही बायबलमध्ये आहे. ईयोबाच्या पुस्तकात वयाने मोठे असलेले मित्र चुकतात. तरुणपणामुळे कोणी तुला तुच्छ लेखू नये, असे तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. म्हणून चांगला सल्लागार ओळखताना वयाबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याला न पटणारी गोष्ट तो तोंडावर सांगतो का? आणि आपला निर्णय चुकला तर तो आपल्या पाठीशी उभा राहील का?

मोठ्यांशी मतभेद झाला तर?

येथे दानीएलाचे उदाहरण फार उपयोगी पडते. बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या या तरुणाला राजाच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस घ्यायचा नव्हता. त्याने आदळआपट केली नाही, की चोरून अन्न फेकूनही दिले नाही. त्याने आधी अधिकाऱ्याला विनंती केली. अधिकाऱ्याला राजाची भीती वाटत होती, ती त्याने समजून घेतली. मग त्याने कारभाऱ्यासमोर एक मुदतीचा प्रस्ताव ठेवला: दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे पाहून ठरवा.

कॉमर्स घ्यायचे आहे आणि घरचे सायन्सचा आग्रह धरत आहेत, अशा मुलीला यातून मार्ग दिसू शकतो. आईवडिलांना नेमकी कशाची भीती वाटते? नोकरीची, पैशांची, की नातेवाइकांच्या बोलण्याची? ती भीती समजली की तिच्यावर बोलता येते. त्या क्षेत्रात काम करणाऱ्या दोघातिघांना सगळ्यांनी मिळून भेटू आणि मग ठरवू, असा प्रस्ताव ठेवता येतो. आईवडिलांचा मान राखणे आणि आपले म्हणणे मांडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी जमू शकतात.

जे ऐकले ते खरे कशावरून?

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला सगळ्या गोष्टी पारखून घ्यायला आणि चांगले ते धरून ठेवायला सांगितले. तिथे वापरलेला ग्रीक शब्द धातू आणि नाणी तपासण्यासाठीही वापरत असत. सराफ सोने कसाला लावतो, तसे. सराफ दागिना पाहताच फेकून देत नाही आणि पाहताच विकतही घेत नाही.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बिरुया गावच्या लोकांचे कौतुक आहे. त्यांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले आणि ते खरे आहे का, हे रोज शास्त्रात तपासूनही पाहिले. प्रत्यक्ष प्रेषिताला प्रश्न विचारणे बायबलला उद्धटपणा वाटत नाही. मग यूट्यूबवरच्या उपदेशकाला तपासणे तर चुकीचे असूच शकत नाही.

नीतिसूत्रेच्या १८व्या प्रकरणात आणखी एक निरीक्षण आहे: आधी बोलणाऱ्याची बाजू खरी वाटते, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. आज आवाज आणि चेहरा दोन्ही संगणकावर बनवता येतात. त्यामुळे स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी दुसरी बाजू शोधणे हे आता शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेत मोडते.

बायबलचे वचनही तपासून का घ्यायचे?

मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूची परीक्षा घेताना स्तोत्रसंहितेतलेच वचन पुढे करतो. वचन खरे असते, वापर खोटा असतो. येशू दुसऱ्या वचनाने तो वापर उघडा पाडतो.

रोजच्या व्यवहारातले उदाहरण म्हणजे यिर्मया २९:११. देवाच्या योजना हिताच्या आहेत अशा अर्थाचे हे वचन परीक्षेच्या शुभेच्छांमध्ये हमखास दिसते. पण मुळात ते बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात ७० वर्षांची मुदत सांगितली आहे. घरे बांधा, मळे लावा, त्या नगराचे भले चिंता, असेही तेच पत्र सांगते. वचन दिलासा देते, पण निकालाची हमी देत नाही. हा फरक न कळलेल्या मुलाला कमी गुण मिळाले की देवानेच पाठ फिरवली, असे वाटू लागते.

‘देवाने मला सांगितले’ असे कोणी म्हटले तर?

या वाक्याच्या नादी लागून मुलांचे सर्वाधिक नुकसान होऊ शकते. एखादा तरुण मुलीला म्हणतो, आपले नाते देवाचीच इच्छा आहे. एखादा नेता म्हणतो, ही गोष्ट घरी सांगू नकोस. याकोबाच्या पत्रात वरून आलेल्या ज्ञानाच्या खुणा दिल्या आहेत. ते शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजून घ्यायला तयार, दयाळू, पक्षपात न करणारे आणि ढोंगरहित असते. जो आवाज घाई करायला लावतो, भीती घालतो आणि गुपित ठेवायला सांगतो, तो या कसोटीवर टिकत नाही, मग बोलणारा पाळक असो, फादर असो की तरुण संघाचा पुढारी. अशा वेळी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणे म्हणजे बंडखोरी नव्हे. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही त्यासाठीच आहे.

कॅथलिक परंपरेत विवेकाची एक खास पद्धत संत इग्नाती लोयोला यांच्याकडून आली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत त्यांच्या पायाला तोफगोळा लागला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी शौर्य गाजवण्याची स्वप्ने पाहत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना आनंद होई. पण पहिल्यानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. क्षणाच्या आनंदापेक्षा मागे काय उरते ते पाहा, हा त्यांचा धडा रील पाहून झाल्यावरही लावून बघता येतो.

शहाणपणाने वागूनही दुःख आले तर?

ईयोबाचे मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूकपणे बसले. तोवर सगळे ठीक होते. मग त्यांनी तोंड उघडले आणि त्याच्या दुःखाला त्याचेच पाप कारण आहे, असे सुनावायला सुरुवात केली. शेवटी देव त्यांनाच दोष देतो.

सतत उदास असलेल्या, झोप उडालेल्या मुलाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारे ईयोबाच्या मित्रांचीच चूक करतात. प्रार्थना आणि डॉक्टर यांत निवड करावी लागत नाही. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

निर्णय घेण्याआधी पाच प्रश्न

१. माझ्याकडे पूर्ण माहिती आहे का, की एकच बाजू ऐकली आहे?
२. हे चालेल एवढेच आहे, की हिताचेही आहे?
३. यात कोणा दुबळ्याचे नुकसान तर होत नाही ना?
४. मला न आवडणारे उत्तर देईल अशा माणसाला मी विचारले आहे का?
५. हे मला लपवावेसे वाटते का? वाटत असेल तर का?

इब्री लोकांस लिहिलेले पत्र सांगते की बरे-वाईट ओळखण्याची शक्ती सरावाने तयार होते. व्यायामाने अंग कमावतात तशी. म्हणून पंधराव्या वर्षी एखादा निर्णय चुकला, तर तो मुलगा अविवेकी ठरत नाही. चुकलेला पेपर परत सोडवून पाहणारा विद्यार्थीच पुढच्या वेळी शिकतो. घरातल्या मोठ्यांनीही हे ध्यानात ठेवायला हवे. मुलांचे सगळे निर्णय आपणच घेतले, तर पारख करायला ती शिकणार कधी?