तारणाची खात्री आणि शंका
ख्रिस्तामुळे आपल्या पापांची क्षमा झाली आहे, हा विश्वासणाऱ्याच्या मनातला भरवसा म्हणजे तारणाची खात्री. जॉन वेस्ली ऑक्सफर्डला शिकलेले, दीक्षित धर्मोपदेशक. तरी १७३६ च्या जानेवारीत अटलांटिकवरच्या वादळात त्यांना मरणाचे भय वाटले. त्याच जहाजावरचे मोरेव्हियन पंथाचे ख्रिस्ती मात्र शांतपणे स्तोत्रे गात राहिले. पुढे २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत, रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक ल्यूथरची प्रस्तावना ऐकताना, वेस्लींना हा भरवसा लाभला. शंका त्यानंतरही आल्या, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही या खात्रीसाठी दीर्घकाळ झगडावे लागू शकते, असे सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार सांगतो; खात्री डळमळली म्हणून विश्वास संपत नाही. तिचा पाया देवाची वचने. जोडीला पवित्र आत्म्याची साक्ष आणि पालटलेले जीवन.