पेण-रोह्यात नाटक लागतं कुठं? ॲपवर न दिसणाऱ्या रंगभूमीचं गणित

तिकीट बुक करायचं कोणतंही ॲप उघडा आणि शहराच्या जागी पेण किंवा रोहा टाकून नाटक शोधा. बहुतेक वेळा हाताला काही लागत नाही. लागलंच तर पनवेल, वाशी, नाहीतर थेट ठाणे-दादरचे प्रयोग. मग आपण म्हणून मोकळे होतो, की इथं नाटक होतच नाही.

पण याच दोन तालुक्यांतल्या एखाद्या गावात जाऊन साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, "तुमच्या गावात नाटक बसायचं का?" उत्तर यायला अर्धा तास तरी लागेल. संभाजी कोणी केला, औरंगजेब कोणी केला, ऐन प्रवेशात कोणाची मिशी सुटली, सगळं निघेल.

म्हणजे नाटक आहे. फक्त ते जिथं आपण शोधतो तिथं नाही. असं का झालं आणि पेण-रोह्यात आज नाटक बघायचं तर कुठं शोधायचं, तेच समजून घेऊ.

व्यावसायिक नाटक इथं सारखं का येत नाही?

याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मुंबई जवळ आहे. ऐकायला उलटं वाटेल, पण हिशोब मांडून बघा.

समजा, एका सभागृहात ४०० खुर्च्या आहेत आणि तिकीट सरासरी २५० रुपये आहे. सगळी तिकिटं विकली गेली तर गल्ला होतो १ लाख रुपये. यातून सभागृहाचं भाडं, जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, कलाकारांची बस, पडद्यामागच्या माणसांची मजुरी आणि नटांची 'नाईट' द्यायची. नाईट म्हणजे एका प्रयोगाचं मानधन. मराठी नाटकात बहुतेकांना पैसे महिन्यावर नाही, प्रयोगावर मिळतात.

आता निर्मात्याच्या जागी स्वतःला ठेवा. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्यात दुपारी एक आणि रात्री एक असे दोन प्रयोग लावता येतात. पेणला यायचं तर सेट उतरवणं, लावणं, पुन्हा भरणं आणि महामार्गावरचा प्रवास यात अख्खा दिवस जातो आणि प्रयोग होतो एकच. रोहा तर त्याच्याही पुढं. पनवेल ते रोहा हे रेल्वेचं अंतर साधारण ७५ किलोमीटर आहे आणि पेण त्याच्या मधे.

बरं, ज्याला नाटकाची खरंच आवड आहे तो पेणकर गाडी काढून पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात जाऊन येतो. निर्मात्यालाही हे माहीत असतं.

त्यामुळं अशा ठिकाणी व्यावसायिक नाटक आलं, तर ते बहुतेक वेळा 'कॉन्ट्रॅक्ट शो' म्हणून येतं. एखादं मंडळ, पतपेढी, वाचनालय किंवा पुढारी ठरलेल्या रकमेत अख्खा प्रयोग विकत घेतो. तोटा झाला तर तो आयोजकाचा. मग प्रवेशिका सभासदांत वाटल्या जातात, नाहीतर नाक्यावरच्या दुकानात ठेवल्या जातात. जाहिरात होते ती बॅनरवर आणि व्हॉट्सॲपवर. ॲपवर टाकायची गरजच पडत नाही.

मुंबईनं दिलं काय?

मुंबई जवळ असल्यानं नाटक कंपन्या आल्या नाहीत हे खरं, पण गावचं नाटक मोठं झालं तेही मुंबईमुळंच.

कोकणातली माणसं पोटासाठी गिरणगावात गेली. दिवसा साचा आणि रात्री खोलीवर भजन, शाहिरी नाहीतर नाटकाची तालीम. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं. गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचं ते हक्काचं ठिकाण. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं, तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला तो उगाच नाही.

हाच कामगार सणाला, लग्नसराईला, मे महिन्यात चाकरमानी म्हणून गावी यायचा, तेव्हा सोबत नाटकाचं वेड घेऊन यायचा. अर्ध्या भूमिका मुंबईकर करणार, अर्ध्या गावकरी करणार. तालमीही दोन ठिकाणी, मुंबईतल्या खोलीवर आणि गावच्या देवळात. प्रयोगाच्या आदल्या रात्री दोन्ही तुकड्या एकत्र यायच्या आणि मग कळायचं, की एकाचं पाठांतर पक्कं आहे आणि दुसऱ्यानं वहीच उघडलेली नाही.

कोकणातल्या गावच्या नाटकाची ही गंमत गंगाराम गवाणकरांनी 'वस्त्रहरण'मध्ये पकडली. १९८० मध्ये मच्छिंद्र कांबळींनी ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं आणि त्याचे ५ हजारांहून जास्त प्रयोग झाले. भाषा मालवणी असली, तरी तात्या सरपंचाची धांदल प्रत्येक कोकणी गावाला आपली वाटली, कारण तसाच एक तात्या प्रत्येक गावात होता.

मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. गिरण्या बंद होत गेल्या, तशी गिरणगावातली माणसंही पांगली. कोणी गावी परतलं, कोणी डोंबिवली-विरारकडं गेलं. रोज रात्री एका ठिकाणी जमणारी दहा माणसं हेच नाटकाचं भांडवल असतं. ते कमी झालं.

गावचं नाटक उभं राहतं कसं?

ज्यांनी हे कधी बघितलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात.

आधी गावची बैठक बसते आणि उत्सवाची वर्गणी ठरते. त्यातलाच एक भाग नाटकाला. मग नाटक निवडायचं. ऐतिहासिक नाटकाला मागणी जास्त, कारण त्यात तलवारी असतात, मोठी वाक्यं असतात आणि भूमिकाही भरपूर असतात. जितक्या भूमिका, तितकी घरं नाटकात गुंतणार.

वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे १९६२ चं नाटक. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या बापलेकांमधला ताण सांगणारं. या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळालं १९८१ मध्ये, त्याआधी हा कुलाबा जिल्हा होता. म्हणजे रायगडाची ही गोष्ट इथल्या जिल्ह्याच्या नावापेक्षा जुनी आहे.

पुढचा खर्च ड्रेपरीचा. ड्रेपरी म्हणजे कपडे, दागिने, टोप, तलवारी आणि पडदे. हे सगळं भाड्यानं आणायचं. स्त्री भूमिका पूर्वी गावातले पुरुषच करायचे, नंतर बाहेरून नट्या बोलवायची पद्धत आली. त्या आदल्या दिवशी, कधी कधी तर प्रयोगाच्या दिवशीच येतात, एक तालीम करतात आणि उभ्या राहतात. अशा कलाकाराला दहा-बारा नाटकांचे संवाद तोंडपाठ असावे लागतात.

प्रेक्षकाला तिकीट नसतं. घरटी वर्गणी आधीच दिलेली असते. म्हणून हे नाटक 'चाललं की पडलं' हे गल्ल्यावर ठरत नाही. पुढच्या वर्षी बैठकीत पुन्हा नाटकाचं नाव निघालं, तर समजायचं नाटक चाललं.

मग झाडीपट्टीसारखा धंदा इथं का झाला नाही?

हा प्रश्न साहजिक आहे. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचं केंद्र. तिथं नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, गावं येऊन प्रयोग ठरवतात, दिवाळीपासून होळीपर्यंत हंगाम चालतो आणि प्रेक्षक तिकीट काढून बसतो. खाली सिंधुदुर्गात दशावतारी मंडळं आहेत, जी जत्रेच्या हिशोबानं देवळादेवळांत जातात.

पेण-रोह्याला असं स्वतःचं वडसा मिळालं नाही. इथला मुलगा चांगला नट निघाला, तर तो मुंबईला जातो. लेखक, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार सगळ्यांना तीच वाट. वडसा मुंबईपासून इतकं लांब आहे, की तिथल्या माणसाला स्वतःची व्यवस्था उभी करावी लागली. इथं ती गरज कधी भासलीच नाही.

हंगाम कधीचा?

जून ते सप्टेंबर उघड्यावर काही करायचा प्रश्नच येत नाही. पाऊस आणि भातशेती. पेण तालुक्यात तर आणखी एक कारण आहे. हमरापूर, जोहे या भागात घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत. आषाढ-श्रावणात तिथले हात रंगात बुडालेले असतात, तालमीला सवड कोणाला?

नवरात्र-दसऱ्याला रोहा जागा होतो. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि तिला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते. पण नाटकाचा खरा हंगाम भात कापून झाल्यावरचा. दत्तजयंती, माघी गणेशोत्सव, महाशिवरात्र, हनुमान जयंती, गावदेवीच्या जत्रा आणि मे महिन्याची सुट्टी. रायगडच्या दक्षिणेकडं सरकलात तर याच काळात बाल्या नाचाच्या बाऱ्याही रंगतात.

रात्री १० नंतर काय?

आजच्या गावच्या नाटकापुढचा मोठा अडसर पैशाचा नाही, घड्याळाचा आहे.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस आधी जाहीर होतात आणि त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रासारख्या मोठ्या सणांत जातात. तुमच्या गावदेवीची जत्रा त्या यादीत असेलच असं नाही.

गावचं नाटक सुरूच व्हायचं जेवणं आटोपल्यावर आणि संपायचं पहाटे. आता पूजा, आरती, महाप्रसाद, मान्यवरांचे सत्कार यातच नऊ वाजतात. तीन अंकी नाटक उरलेल्या तासात कसं बसवणार? मग अंक कापले जातात, नाहीतर नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा येतो. ऑर्केस्ट्रा कुठल्याही गाण्यावर थांबवता येतो. संभाजीला पकडल्यावर नाटक थांबवता येत नाही.

हा नियम चुकीचा आहे असं नाही. लहान मुलं, आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं यांना झोप हवीच. पण बंदिस्त सभागृहाला या नियमात सूट आहे. म्हणजे ज्या गावाजवळ परवडणारं सभागृह आहे, त्याचं नाटक वाचतं. ज्या गावाजवळ फक्त मैदान आहे, त्याचं अडतं.

सभागृह बांधलं की झालं का?

तर नाही. नाट्यगृह चालवणं हे बांधण्यापेक्षा अवघड काम आहे. अलिबागजवळ चेंढऱ्याच्या पीएनपी नाट्यगृहाला जून २०२२ मध्ये आग लागली आणि नंतर बराच काळ ते बंद राहिलं. जिल्ह्याच्या मुख्यालयाचं एक नाट्यगृह बंद पडल्यावर आजूबाजूच्या तालुक्यांतल्या हौशी मंडळांची केवढी अडचण होते, ते तेव्हा दिसलं.

शिवाय प्रेक्षकाला घरी जायला गाडी हवी. मुंबईची लोकल पनवेलला संपते. पुढं पेण-रोह्यासाठी मोजक्या मेमू गाड्या. मुंबई-ठाण्यात रात्रीचा प्रयोग संपवून लोकल पकडता येते, रोह्यात गावाकडं जाणारी शेवटची एसटी आधीच गेलेली असते. इथं प्रयोग संध्याकाळी लवकर लावला, तर गर्दी वाढायची शक्यता जास्त.

आज नाटक बघायचं किंवा करायचं तर?

पहिलं, उत्सवाचं कॅलेंडर हाताशी ठेवा. माघ ते चैत्र या काळात गावचे बॅनर वाचा. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटची ओळ नाटकाची असते.

दुसरं, वाचनालयांवर लक्ष ठेवा. या भागात नाटक, व्याख्यान, एकांकिका यांची खबर तिथल्या फळ्यावर आधी लागते.

तिसरं, स्पर्धा बघा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. प्राथमिक फेरीची केंद्रं आणि तारखा दर वर्षी जाहीर होतात, तिकीट नाममात्र असतं. पनवेलला अटल करंडक एकांकिका स्पर्धा होते. तिथं एका दिवसात पाच-सहा एकांकिका बघून होतात आणि कॉलेजची पोरं काय विचार करतायत तेही कळतं.

चौथं, स्वतः नाटक बसवणार असाल, तर लेखकाची परवानगी घ्या आणि संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. तीन अंक जमत नसतील तर एकांकिका घ्या. पाऊण तासात संपते, दहाच्या आत घरी जाता येतं आणि तालमीला कमी माणसं लागतात.

आणि प्रयोगाची तारीख, वेळ, जागा एका ओळीत लिहून आठवडाभर आधी फोनवरून फिरवा. शेजारच्या गावातल्या माणसाला नाटक आहे हे दुसऱ्या दिवशी फोटो बघून कळतं, ही इथल्या नाटकाची सगळ्यात साधी आणि सगळ्यात जुनी अडचण आहे. ती सोडवायला ना सभागृह लागतं, ना अनुदान.