बंद सर्व्हरची साक्ष

19 जुलै 2022 रोजी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच 40 अंशांच्या पुढे गेला आणि लंडनमधल्या गूगल व ओरॅकल यांच्या डेटा सेंटरांतली थंडाव्याची यंत्रणा त्या दिवशी अपुरी पडली. आणखी नुकसान टाळण्यासाठी काही यंत्रे मुद्दाम बंद ठेवावी लागली. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत चाळिशी गाठणारा पारा ही बातमीच नव्हे. एप्रिल-मेच्या त्या उन्हातही पतसंस्थेच्या, दवाखान्याच्या किंवा अडत दुकानाच्या मागच्या खोलीत एखादा सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो. तो बंद पडला की काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन’ एवढेच ऐकू येते आणि पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. बटण दाबून पुन्हा चालू करायचा, नाही झाला तर झाकण उघडून रॅम घासायची, तरीही नाही तर एखादा भाग बदलून पाहायचा. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. बिघडलेले यंत्र सहसा आपल्या बिघाडाची काही ना काही साक्ष ठेवते. ती आधी टिपून घ्यावी, मग वीज, उष्णता आणि जोडण्या असे बाहेरून आत यावे, आणि भाग बदलायचा विचार शेवटी करावा.

रॅम खोडरबराने घासण्याचेच पाहा. हा उपाय गावोगावी चालतो आणि पुष्कळदा लागूही पडतो, म्हणून त्यावर लोकांचा विश्वास आहे. पण रॅमच्या पट्टीच्या कडेला दिसणारी सोनेरी बोटे म्हणजे एका मायक्रॉनहूनही पातळ असा सोन्याचा मुलामा असतो. सोने सहजासहजी गंजत नाही. त्यावर साचते ती धूळ आणि ओलसर चिकटा. सोयाबीनच्या हंगामात बाजारपेठेत भुशाची बारीक धूळ उडत असते, आणि पावसाळी दमट हवेत ती पाणी धरते. पट्टी काढून पुन्हा खाचेत बसवली, तरी त्या घर्षणाने हा थर बाजूला होतो. म्हणजे रबर मारला नसता तरी यंत्र बहुधा चालू झाले असते. रबराने मात्र मुलामा झिजतो, त्याचा भुगा खाचेत पडतो आणि घासताना निर्माण होणारी स्थिर वीज चिपला इजा करू शकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेले, धागे न सुटणारे कापड पुरते. मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. यंत्र सुरू झाल्याने कारण सिद्ध होत नाही. एकाच वेळी रॅम काढली, केबल हलवली, धूळ उडवली, तर नेमके कशाने काम झाले हे कोणालाच सांगता येत नाही आणि आठ दिवसांनी तोच बिघाड परत येतो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा.

साक्ष कुठे असते? खऱ्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरपासून स्वतंत्र चालणारी एक छोटी चिप असते. यंत्र बंद असले तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर ती जागी असते आणि तापमान, पंख्यांचा वेग, व्होल्टेज, मेमरीतल्या चुका यांची वेळेसह नोंद ठेवते. मात्र तालुक्याच्या ठिकाणी सर्व्हर म्हणून अनेकदा साधा टॉवर संगणकच वापरात असतो, आणि त्यात ही सोय नसते. तिथे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरवर भिस्त ठेवावी लागते. त्यात ‘कर्नल पॉवर 41’ ही नोंद दिसली की बरेच जण पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ती नोंद फक्त एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. का, ते सांगत नाही. ते घड्याळाकडून कळते. रोज दुपारी तीनच्या सुमारास बंद पडत असेल तर उष्णतेवर संशय घ्यावा, शेजारचा एसी किंवा मोटर सुरू होताच पडत असेल तर विजेवर, आणि वेळेचा काही मेळच लागत नसेल तर रॅमवर. गूगलच्या यंत्रांवर आधारित 2009 च्या एका अभ्यासात वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त रॅम पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या, म्हणजे हा संशय पोकळ नाही.

विजेचा भाग आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला, तर एका फेजवरची उपकरणे दुसऱ्या फेजवरच्या उपकरणांशी जणू एकाच साखळीत जोडली जातात आणि 230 व्होल्टऐवजी दोन फेजमधले जवळपास 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज चढते. अर्थिंगचेही तसेच. काळी जमीन उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. पावसाळ्यात सुरळीत चाललेले यंत्र मे महिन्यात कुरकुर का करते, याचे उत्तर कधी कधी त्या कोरड्या खड्ड्यात असते. घरगुती इन्व्हर्टरचाही विचार करावा लागतो. लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण 16-17 मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर दिवे लुकलुकतात एवढेच, सर्व्हर मात्र बंद पडतो.

उष्णतेवरच्या संशयावर जाणकार एक आक्षेप घेतील. 2007 मध्ये गूगलने एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात तापमान व बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच क्षीण निघाला. मग उन्हाला एवढे महत्त्व कशाला? आक्षेप रास्त आहे, पण त्या डिस्क व्यावसायिक डेटा सेंटरांतल्या होत्या. तिथेही अगदी वरच्या तापमानाला बिघाड वाढलेले दिसलेच, विशेषतः तीन-चार वर्षे वापरलेल्या डिस्कमध्ये. शिवाय सर्व्हर म्हणजे केवळ डिस्क नव्हे. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरी यांचे आयुष्य तापमान दर 10 अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून फुगलेल्या डोक्याचा कपॅसिटर दिसला की नवा बसवण्याआधी पंख्याची जाळी आणि खोलीची खिडकी तपासावी.

दुसरा आक्षेप वेळेचा. रांग लागलेली असताना नोंदी वाचत कोण बसेल? पण पडद्यावरचा संदेश आणि पुढच्या पटलावरचे दिवे यांचा मोबाइलने फोटो काढून वेळ लिहून ठेवायला दोन मिनिटे पुरतात, आणि त्यानंतर खुशाल रीस्टार्ट करावे. सुटा भाग अकोल्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून मागवायचा असेल, तर चुकीचा भाग मागवण्यात जाणारे दिवस या दोन मिनिटांच्या किती तरी पट आहेत. सारे काही क्लाउडवर नेले तरी ही तपासणी टळत नाही, कारण राऊटर, स्विच आणि यूपीएस याच खोलीत, याच विजेवर राहणार.

घाई सर्वांत महाग पडते ती डिस्कच्या बाबतीत. गूगलच्या त्याच 2007 च्या अभ्यासात पहिली स्कॅन चूक दिसलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बिघडण्याची शक्यता, अशी चूक न दिसलेल्या डिस्कच्या 39 पट आढळली. पण बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी धोक्याच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती, म्हणून खुणा नाहीत यावर निर्धास्त राहता येत नाही. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड-5 रचनेत एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. त्या अवस्थेत कोणी चुकून शेजारची चांगली डिस्क ओढून काढली, तर सगळा साठा तिथेच कोसळतो. ते टाळायला प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आधीच तिच्या खणावर लिहून ठेवावा, नोंदीतल्या नंबराशी तो ताडून पाहावा, आणि कालचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडतो हे बघितल्यावरच डिस्कला हात घालावा.