हार मानण्याचें शिक्षण

पाठ मातीला लागली कीं कुस्ती संपली, हा आपल्याकडील आखाड्याचा दंडक. ब्राझिलियन जिउ-जित्सू या विद्येंत मात्र पाठ जमिनीला लागल्यावरच खऱ्या झुंजीला रंग चढतो. खालचा गडी वरच्यास पायांच्या विळख्यांत अडकवितो, आणि सांध्यास पीळ देऊन अगर मानेस पेच घालून त्याला शरण आणूं शकतो. शरण आल्याची खूण म्हणून समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदां थोपटावयाचें. तिला 'टॅप' म्हणतात. थाप पडतांच पकड सुटते आणि दोघे पुन्हां जुंपतात. एका सायंकाळीं ही थाप दहा वेळां देण्याची पाळी नवख्यावर येते. ती अंगाला लागत नाहीं, मनाला लागते; आणि या विद्येंतील बिकट प्रश्न येथूनच सुरू होतात.

या प्रश्नाचें मूळ तिच्या इतिहासांतही दिसतें. जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं जपानांत कोदोकान ही संस्था काढून जूदोचा पाया घातला. तेथील शिष्य मित्सुयो माएदा १९१४ सालीं ब्राझीलमध्यें पोहोंचला व पुढें बेलें शहरीं राहिला. त्याच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी व त्याच्या भावांकडे आली. त्यांपैकीं हेलिओ अंगानें किरकोळ. म्हणून बळापेक्षां तरफेच्या युक्तीवर त्यानें भर दिला. १९५१ सालीं रिओ येथील माराकाना क्रीडांगणावर जपानी मल्ल मासाहिको किमुरा यानें हेलिओचा हात पिळून धरिला. हात निकामी होण्याची वेळ आली तरी हेलिओनें थाप दिली नाहीं. अखेर बंधू कार्लोस यानें टॉवेल टाकून सामना थांबविला. तो पेच आज किमुराच्याच नांवानें ओळखला जातो. ही कथा ऐकून कित्येक तरुण हेलिओचा हट्ट तेवढा उचलतात. कार्लोसचा विवेक त्यांच्या ध्यानांत येत नाहीं.

रोजच्या सरावांत हा हट्ट महाग पडतो. कोपराचा सांधा दुखावण्यास क्षण पुरतो, बरा होण्यास महिने लागतात. मानेच्या पेचांत मेंदूकडील रक्त अडलें तर कांहीं सेकंदांतच शुद्ध हरपते. म्हणून थाप हा अपमान नव्हे, ती एक बातमी आहे: कोणतें दार उघडें राहिलें, हें ती सांगते. ज्याला ती बातमी वेळेवर ऐकतां येते, त्याला उद्यांही शिकतां येतें.

दुसरा शत्रु भय. छातीवर भारी गडी बसला म्हणजे श्वास कोंडतो, हातपाय सैरभैर होतात आणि शक्ति व्यर्थ जाते. यावर उपाय असा कीं, विश्वासाच्या सोबत्याबरोबर मुद्दाम त्याच अवघड स्थितींत सराव सुरू करावा, श्वास सावकाश सोडावा, आणि कोपर आंत घेण्यासारखें एकच लहानसें काम हातीं घ्यावें. संवयीनें भय ओसरतें.

तिसरी अडचण निराशेची. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी व काळा असे पट्ट्यांचे क्रम आहेत. आंतरराष्ट्रीय संघाच्या नियमानें प्रौढांना सामान्यतः निळ्यावर किमान दोन वर्षें, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर एक वर्ष काढावें लागतें. काळ्या पट्ट्यापर्यंत बहुधा दहा वर्षें जातात. शिवाय सोबतीही त्याच काळांत सुधारत असतात, त्यामुळें स्वतःची प्रगति दिसेनाशी होते. अशा वेळीं कोणाला हरविलें हें न मोजतां, गेल्या महिन्यांत ज्या पेचांत सांपडलों त्यांतून आज सुटतां येतें कीं नाहीं, हें पाहावें.

हें सारें एकट्यानें साधत नाहीं. थाप देणारा आपला हात दुसऱ्याच्या स्वाधीन करितो. म्हणून पेच सावकाश कसणें व तत्काळ सोडणें हें पकडणाराचें कर्तव्य ठरतें. नखें कापलेलीं असावीं, पोशाख धुतलेला असावा, गजकर्ण झालें असतां घरीं राहावें. जो सोबती धसमुसळेपणानें खेळतो त्याला नम्रपणें नकार देण्याचा हक्क सर्वांस आहे. त्यांत उद्धटपणा नाहीं. पुष्कळ ठिकाणीं स्त्रिया संख्येनें थोड्या असतात. त्यांच्या नकाराचा मान राहील आणि शिकवण्याच्या नांवाखालीं गैरस्पर्श होणार नाहीं, ही जबाबदारी प्रथम गुरूची.

गुरूचाही प्रश्न नाजूक आहे, कारण पट्टा त्याच्या हातीं असतो. गुरु सोडून दुसरीकडे जाणाऱ्यास ब्राझीलमध्यें 'क्रेओन्ते' असें हिणवीत. गुरूविषयीं कृतज्ञता योग्यच. परंतु त्या कृतज्ञतेपोटीं अन्याय मुकाट्यानें सोसावा असें नाहीं. जेथें दुखापतीची थट्टा होते अगर शरण येणाऱ्यास भ्याड म्हणतात, तें स्थान सोडण्यांत कृतघ्नता नाहीं.

म्हणून ही विद्या शिकूं इच्छिणारानें पहिल्या दिवशीं भिंतीवरील पदकें मोजूं नयेत. कडेला बसून एवढेंच पाहावें, कीं नवख्यानें थाप दिली असतां समोरचा किती लवकर सोडतो, आणि सोडल्यावर त्याला काय सांगतो.