पोराच्या मोटारसायकलचीही खांदेमळणी हवी

आपला माल वाशीच्या घाऊक बाजारात जातो, आणि त्याच बाजाराच्या आसपास तुर्भे, कळंबोली, तळोजे, पनवेल या भागांत आपल्या खेड्यांतली पुष्कळ मुले नोकरीधंद्याला असतात. हाती चार पैसे आले की मुलगा मोटारसायकल घेतो, आणि तीही चपळ, शर्यतीच्या बांध्याची. बजाजची पल्सर २००१ साली आली, यामाहाची आर-१५ २००८ साली आली आणि आपल्या चाकणच्या कारखान्यात बनणारी केटीएमची ड्यूक २०१२ साली आपल्या बाजारात आली. अशा गाड्यांची तरुणांना मोठी हौस आहे.

सणावाराला घाटावरचा मुलगा याच गाडीवर गावी येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणून तो पनवेल, खोपोली करीत शिंगरोबाच्या जुन्या घाटाने चढतो आणि परत जाताना तोच घाट उतरतो. त्या उतारावर त्याचा जीव दोन ब्रेकवर, दोन टायरवर आणि एका साखळीवर असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो, औताला जुंपताना त्याचा खांदा पाहतो. तीच नजर या गाडीवर ठेवली पाहिजे. त्याला मिस्त्री लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास पुरतो.

एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. नव्या गाडीच्या कंपनीच्या मोफत सर्व्हिस चुकवू नका. त्या वेळेवर न केल्यास वॉरंटीचा हक्क जाऊ शकतो. पुढे दिलेली कामे त्यांच्या मधल्या काळात घरी करायची आहेत.

तेल

गाडी सपाट जागी सरळ उभी करा. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करा, थोडे थांबा, आणि मग काचेच्या खिडकीतून किंवा कांडीवर तेल पाहा. ते दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी तेल वाईट, तसे जास्तही वाईट.

येथे शेतकऱ्याच्या घरी एक चूक हमखास होते. ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा घरात असतो आणि त्यातलेच तेल गाडीत ओतले जाते. तसे करू नका. या मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. दुसऱ्या जातीच्या तेलाने क्लचच्या पट्ट्या घसरू शकतात. मग इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण पाहा आणि तेलाचा नंबर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे घ्या. काढलेले काळे तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या.

साखळी

दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, साखळी पुसून तेल द्यावे. ९० नंबरचे गिअर तेल पुष्कळ गाड्यांना चालते. मात्र साखळी पेट्रोलने धुऊ नका. तिच्या सांध्यांतल्या बारीक रबरी कड्या त्याने खराब होतात. तेल दिल्यावर जादा तेल पुसून घ्या, आणि टायरवर व ब्रेकच्या तबकडीवर एक थेंबही उडू देऊ नका.

साखळी किती सैल हवी? पुष्कळ गाड्यांत अडीच ते साडेतीन सेंटिमीटर, पण नेमका आकडा पुस्तिकेतलाच धरा. फार ताणलेली साखळीही बेअरिंग खाते. ताणताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाही तर चाक तिरके बसते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडके कधीही लावू नका. फडके ओढले जाते आणि त्याबरोबर बोटे जातात. मळणीयंत्रात हात गेलेली माणसे आपल्या मुलखाने पाहिली आहेत. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि चाक हाताने फिरवायचे.

ब्रेक आणि चाके

ब्रेकच्या पॅडची जाडी डोकावून पाहा. ती झिजून खुणेपर्यंत आली असेल तर पुढच्या प्रवासाची वाट न पाहता बदला. ब्रेकचे द्रव हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाला किती जास्त हवा लागते, ते पुस्तिकेत किंवा साखळीच्या झाकणावरच्या पट्टीवर लिहिलेले असते.

खाडीचा वारा

नवी मुंबईची हवा खाडीची, खारट व दमट. लोखंडाला गंज लवकर चढतो. गाडी गोड्या पाण्याने धुवावी, पण जोराचा फवारा चाकाच्या मधोमध किंवा वायरींवर मारू नये. एअर फिल्टर कागदाचा असेल तर पाण्यात बुडवू नये. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर मुलाने मेकॅनिकला विचारून पेट्रोलची व्यवस्था करावी. आजच्या पेट्रोलात आपल्याच उसापासूनही बनणारे इथेनॉल मिसळलेले असते आणि ते ओलावा ओढते.

कोठे थांबावे

तेल, साखळी, हवा आणि पाहणी, एवढे घरचे काम. ब्रेकचे द्रव बदलणे, एबीएसची वायरिंग, पेट्रोल इंजेक्शन, इंजिन उघडणे ही कामे जाणकाराकडेच द्यावीत. आपण बैलाचे खूर स्वतः पाहतो, पण मोडलेला पाय स्वतः बसवीत नाही.

मुलगा आता गावी आला की त्याच्या हातावर चहा ठेवण्याआधी त्याला एकच विचारा : “बाळा, निघताना साखळी आणि ब्रेक पाहिलेस का रे?”