माध्यमिक शाळेतील सामाजिक शास्त्रे : किती आणि कोठवर?

महाराष्ट्रातील दहावीच्या गुणपत्रिकेवर सहा प्रमुख विषय असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येकास शंभर गुण. म्हणजे कागदावर पाहू गेल्यास बीजगणित-भूमितीची जी किंमत, तीच इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल यांची. परंतु दहावीतील मुलगा ज्या घरात आहे त्या घरी जाऊन, त्याला शिकवणी कशाची लावली आहे असे विचारावे. गणित-विज्ञानाची नावे लगेच येतील, इंग्रजीचे येईल, इतिहास-भूगोलाचे क्वचितच. हा ‘पाठांतराचा विषय’, परीक्षेपूर्वी आठ दिवस पुस्तक उघडले की भागते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. तिचा दोष पालकांच्या माथी मारणे सोपे आहे. पण आमच्या मते ती अभ्यासक्रमाच्या आणि परीक्षेच्या रचनेतूनच आलेली आहे. ही रचना कशी झाली आणि तीत नागरिकाच्या शिक्षणाचे स्थान कोणते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. शाळेत मुले ज्याला ‘समाजशास्त्र’ म्हणतात, त्याचे परीक्षा मंडळाचे नाव ‘सामाजिक शास्त्रे’. समाजशास्त्र हा निराळा विषय असून तो अकरावीत कला शाखेत भेटतो. सामाजिक शास्त्रे हे अनेकवचन मात्र खरे आहे, कारण येथे एक विषय नसून तीन-चार विषय एका छपराखाली बिऱ्हाड करून राहिले आहेत: इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, आणि भूगोलाच्या पडवीत थोडेसे अर्थशास्त्र.

हे एकत्र बिऱ्हाड आपल्याकडे आले ते अमेरिकेहून. तेथील राष्ट्रीय शिक्षण संघटनेने नेमलेल्या एका समितीने १९१६ साली आपला अहवाल दिला आणि ‘सामाजिक अभ्यास’ हे नाव शाळांत रूढ झाले. या समितीपुढे एक व्यावहारिक अडचण होती. पुष्कळ मुले शाळा अर्ध्यावर सोडीत. मग शेवटच्या वर्षासाठी राखून ठेवलेले नागरिकशास्त्र त्यांच्या पदरी पडणार कसे? म्हणून समितीने अभ्यासक्रमाची दोन आवर्तने केली. सातवी ते नववी हे एक, दहावी ते बारावी हे दुसरे. पहिल्या आवर्तनात आपल्या गावाचे नागरिकशास्त्र: पाणी, आरोग्य, आगीपासून संरक्षण यांची व्यवस्था कोण करतो, पैसा कोठून येतो. आणि दुसऱ्याच्या अखेरीस, बारावीच्या वर्गात, लोकशाहीपुढील प्रश्नांचा स्वतंत्र अभ्यासक्रम. शाळा लवकर सोडणाऱ्याच्याही हाती काही पडावे आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्याने प्रौढपणाच्या उंबरठ्यावर पुन्हा एकदा त्याच प्रश्नांकडे अधिक जाणतेपणाने पाहावे, अशी ती योजना होती. तिच्या खुणा अद्याप पुसलेल्या नाहीत. न्यूयॉर्क राज्यात हायस्कूल पुरे करण्यास चार वर्षांचा सामाजिक अभ्यास आवश्यक ठरविलेला आहे, आणि त्यातील शेवटच्या वर्षाचा अर्धा भाग शासनव्यवस्थेतील नागरिकाच्या सहभागासाठी व अर्धा अर्थशास्त्रासाठी आहे. पुढे इंजिनियर होणाऱ्यालाही त्यातून सुटका नाही.

आपल्याकडे १९५२ साली मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला. त्यात केनेथ रास्ट विल्यम्स नावाचे एक अमेरिकन सदस्यही होते. १९५३ च्या अहवालात आयोगाने इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांचे स्वतंत्र संसार मोडून ‘सामाजिक अभ्यास’ हा एकच विषय सर्वांस द्यावा असे सुचविले. हेतू उदात्तच होता. देश नुकताच स्वतंत्र झालेला, पहिली सार्वत्रिक निवडणूक नुकतीच पार पडलेली. नव्या मतदाराला आपला समाज एकसंध रीतीने कळावा, ही इच्छा कोणाची नसणार? परंतु उच्च माध्यमिक टप्प्यासाठी आयोगाने जी आखणी केली तीत हा विषय सर्वांना आवश्यक ठेवला तो पहिल्या दोन वर्षांपुरताच. पुढे ज्याने त्याने आपल्या शाखेचे विषय घ्यावेत. अमेरिकेतून कल्पना आणली, पण तिचे शेवटचे वर्ष बोटीवरच राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. तरी त्यात तथ्य आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येईल. एकत्रित विषय शिकविण्यास जो शिक्षक लागतो तो इतिहासही जाणणारा आणि भूगोलही जाणणारा असावा लागतो. असे शिक्षक थोडे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात निम्न माध्यमिक वर्गांसाठी इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र ही नावे पुन्हा वेगळी मांडली. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा झाली आणि जुनी अकरावीची शालान्त परीक्षा मागे पडली. तेव्हापासून सर्वांना समान असे शिक्षण दहावीच्या दारात संपते.

आता पुस्तकांत काय आहे ते पाहू. बालभारतीची २०१६ ते २०१८ या काळात निघालेली पुस्तके समोर ठेवली, तर ती वाईट आहेत असे कोणी म्हणणार नाही. काही ठिकाणी तर त्यांचे कौतुकच करावेसे वाटते. दहावीच्या इतिहासात राजे आणि लढाया यांची जंत्री नाही. इतिहास लिहितात कसा, पाश्चात्त्यांची परंपरा कोणती, आपली कोणती, कला, खेळ, पर्यटन, वृत्तपत्रे यांचा इतिहासाशी संबंध काय, असे प्रकरणांचे विषय आहेत. भूगोलात भारत आणि ब्राझील हे दोन देश शेजारीशेजारी ठेवून त्यांची भूरचना, हवामान, लोकसंख्या, व्यवसाय ताडून पाहिले आहेत. तुलनेने विचार करण्याची सवय लावणारी ही मांडणी आम्हांस फार आवडली. राज्यशास्त्राच्या भागात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीपुढील आव्हाने अशी पाच प्रकरणे आहेत.

मात्र या सर्व इयत्तांची पुस्तके ओळीने लावली की एक गोष्ट ध्यानात येते. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका, जिल्हा प्रशासन हे सारे सहावीच्या नागरिकशास्त्रात आहे. संविधान, उद्देशिका आणि मूलभूत हक्क सातवीत. संसद, मंत्रिमंडळ, न्यायालये आठवीत. नववीत आंतरराष्ट्रीय संबंध आणि परराष्ट्र धोरण. घरापासून जगाकडे, अशी ही चढती पायरी शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने सयुक्तिक दिसते. पण तिचा परिणाम असा होतो की ज्या संस्थेशी माणसाचा जन्मभर रोज संबंध येतो, जिचा नळ आपण सोडतो आणि जिची घरपट्टी भरतो, ती संस्था मुलाला अकराव्या वर्षी शिकविली जाते आणि मग तिचे पान पुन्हा उघडत नाही. अकरा वर्षांच्या मुलास नगरसेवक आणि आयुक्त यांतील फरक पाठ होईल. अंदाजपत्रक कसे मंजूर होते, प्रभागाच्या सीमा आखण्यावरून एवढे वाद का होतात, हे त्याला कळण्याचे वय नव्हे. आणखी एक विसंगती पाहा. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक होता. जून २०२२ मध्ये सहावीत गेलेल्या मुंबईच्या मुलाने महापौर आणि नगरसेवक यांची कामे पुस्तकात वाचली, तेव्हा त्याच्या शहरात त्यांपैकी कोणीच पदावर नव्हते. हा योग एखाद्या शिक्षकाने साधला असेल तर त्या वर्गाला नागरिकशास्त्राचा उत्तम धडा मिळाला असेल.

परीक्षेची बाजू याहून बोलकी आहे. इतिहास व राज्यशास्त्राचा चाळीस गुणांचा एक पेपर, भूगोलाचा चाळीस गुणांचा दुसरा, दोन्ही दोन-दोन तासांचे, आणि वीस गुण शाळेच्या हाती. चाळिसांतील मोठा वाटा इतिहासाचा. मध्यंतरी मार्च २०१९ च्या परीक्षेपुरते शाळेकडील अंतर्गत गुण भाषा व सामाजिक शास्त्रांतून काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, गहजब झाला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. हे वीस गुण कशासाठी आहेत, त्यांत मुलाने काय करावयाचे, याची चर्चा त्या गदारोळात जवळजवळ झालीच नाही. राज्यशास्त्राच्या प्रश्नांत ‘विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ असा एक प्रकार असतो. यातील ‘सकारण’ हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. मत द्या आणि कारण द्या, हीच तर नागरिकत्वाची उजळणी. पण बाजारातील गाईडात विधानही छापलेले, कारणही छापलेले. मुलाने कारण शोधावयाचे नसून आठवावयाचे असते. भूगोलाच्या पुस्तकाचा पहिला पाठ क्षेत्रभेटीचा आहे, नळदुर्गहून अलिबागला जाणाऱ्या सहलीचा. क्षेत्रभेटीचा अहवालही वर्गाबाहेर पाऊल न टाकता सुबक अक्षरात लिहिता येतो.

२०२० च्या मार्चमध्ये भूगोलाचा पेपर २३ तारखेस व्हावयाचा होता. कोरोनाच्या साथीमुळे तो प्रथम पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. दुसरा उपाय नव्हता, हे मान्य. परंतु ज्याचे गुण मराठी आणि बीजगणितावरून ठरविले तरी कोणास फारसे खटकत नाही, त्या विषयाची समाजातील पत त्यातून उघड झाली.

याहून महत्त्वाचा नियम आहे तो २०१० पासूनचा, सहांपैकी सर्वोत्तम पाच विषयांच्या गुणांवर टक्केवारी काढण्याचा. केंद्रीय मंडळाच्या मुलांशी प्रवेशाच्या स्पर्धेत आपली मुले मागे पडू नयेत म्हणून तो आला, आणि त्या दृष्टीने तो न्याय्यही होता. पण त्याचा एक अर्थ असा की सामाजिक शास्त्रांत उत्तीर्ण होणे सक्तीचे, त्यांत चांगले असणे ऐच्छिक. जो विषय सर्वांत कच्चा तो गळतो. आणि कोणता विषय कच्चा ठेवणे परवडते, हे चतुर विद्यार्थी नोव्हेंबरातच ठरवून मोकळा होतो. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्याने गणित कच्चे ठेवावे असे कोण म्हणेल?

आणि दहावीनंतर? कला शाखेचा विद्यार्थी इच्छा असल्यास राज्यशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र घेतो. वाणिज्य शाखेत निदान अर्थशास्त्र आहे. विज्ञान शाखेचा विद्यार्थी पंधराव्या-सोळाव्या वर्षी संविधानाचा निरोप घेतो तो बहुधा कायमचा. मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती १९८९ मध्ये अमलात आली. म्हणजे मतदानाचा हक्क वर्गाच्या जवळ सरकला, पण वर्गातील विषय जागचा हलला नाही. मधली दोन-तीन वर्षे रिकामीच राहिली. डॉक्टर, इंजिनियर, कारखानदार, बँकेतले अधिकारी यांतील फार मोठ्या भागाचे नागरिकशास्त्र या अर्थाने दहावीपाशी थांबलेले असते. त्यांपैकी काहींना ती उणीव पुढे जाणवते आणि ते वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात येऊन बसतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या प्रथेचा पाया घातला तेव्हा शिकलेल्या माणसाचे शिक्षण चालू राहावे हाच हेतू होता. शाळेत अर्धवट राहिलेले पुरे करण्याचे काम मात्र व्याख्यानमालेवर सोपविता येणार नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाखाशाखांमधील भिंती कमी कराव्यात असे म्हटले आहे. भिंत काढली म्हणून माणूस पलीकडच्या खोलीत जाईलच असे नाही. तेव्हा अकरावी-बारावीत सर्व शाखांना मिळून एक लहानसा सक्तीचा अभ्यासक्रम असावा, हे आमचे मत. त्यात सहावीचीच नगरपालिका पुन्हा यावी, पण आता तिच्या खऱ्या अंदाजपत्रकासह. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज प्रत्येकाने स्वतः लिहावा. वर्तमानपत्रातील एखाद्या आकड्याची शहानिशा करावी. अशा सक्तीला वेळापत्रकात जागा नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आदेश दिल्यानंतर पर्यावरण शिक्षण सर्व शाखांमध्ये सक्तीचे झालेच, आणि त्यास जागा सापडली. मात्र त्याच विषयाचे प्रकल्प आज कित्येक ठिकाणी कसे ‘तयार’ होतात हे पालक जाणतात, म्हणून सक्तीने सर्व साधते असेही आम्ही म्हणत नाही.

खरी अडचण शिक्षकांची आहे, मुदलियारांच्या वेळी होती तीच. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात केवळ विज्ञान शाखा आहे तेथे राज्यशास्त्राचा अध्यापक नेमण्याचे कारणच नसते. नवा अभ्यासक्रम आला तर तो रसायनाच्या किंवा इंग्रजीच्या अध्यापकाकडे मोकळ्या तासिकेच्या हिशेबाने जाईल. दोन-तीन महाविद्यालयांत मिळून एक अध्यापक, अशी सोय लहान गावांतही करता येण्यासारखी आहे. त्याच्या पगाराची तरतूद आधी व्हावी आणि पुस्तक मागाहून छापावे.