दोन तळ्यांमधले घर

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. छत्तीसगडच्या माळावर एक नवे नगर उभे राहत होते. त्याच सुमारास, भिलाईहून नागपूरकडे येताना दुर्गच्या पुढे लागणाऱ्या राजनांदगावात, एका जुन्या वास्तूला नवे आयुष्य लाभत होते.

राजनांदगाव हे वैष्णव बैरागी महंतांचे संस्थान. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत या महंतांचा या मुलखात जम बसला आणि १८६५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली. त्यांचा राजवाडा राणीसागर आणि बूढासागर या दोन तळ्यांच्या मध्ये आहे. संस्थाने विलीन झाल्यावर अनेक राजवाडे ओस पडले. या वाड्यात मात्र १९५७ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. शेवटचे राजे दिग्विजयदास यांचेच नाव त्याला मिळाले.

१९५८ मध्ये या महाविद्यालयात हिंदीचे एक अध्यापक आले. त्यांचे नाव गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी. नागपुरास आकाशवाणीत आणि वृत्तपत्रात दिवस काढलेल्या या कवीला राजवाड्याच्या जुन्या भागात, वरच्या मजल्यावर बिऱ्हाडाला जागा मिळाली.

या घराची खूण म्हणजे त्याचा चक्राकार जिना. अशा जिन्याला जागा थोडी लागते. चढणाऱ्याला एकेकट्यानेच चढावे लागते आणि पुढच्या वळणापलीकडचे त्याला दिसत नाही. संरक्षणाच्या दृष्टीने ही रचना सोयीची. संसाराच्या दृष्टीने अडचणीची. खिडकीबाहेर मात्र तळ्याचे विस्तीर्ण पाणी.

हा जिना पाहणाऱ्यास सहज वाटते की, मुक्तिबोधांच्या कवितेतील अंधार आणि पायऱ्या येथूनच आल्या. परंतु तसे म्हणता येत नाही. ‘ब्रह्मराक्षस’ ही त्यांची कविता १९५७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. तिच्यात पाण्यात बुडालेल्या पायऱ्यांची विहीर आहे, अंधारा उंच जिनाही आहे. म्हणजे वास्तूने कवीला प्रतिमा दिल्या नाहीत. कवीला आपल्या प्रतिमाच येथे दगडचुन्यात भेटल्या. ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेवरील त्यांचे काम याच काळातले.

या घरात स्वास्थ्य फार काळ लाभले नाही. १९६२ मध्ये त्यांच्या इतिहासविषयक पाठ्यपुस्तकावर मध्यप्रदेश सरकारने बंदी घातली. १९६४ मध्ये ते पक्षाघाताने अंथरुणास खिळले आणि ११ सप्टेंबर रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. तो पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

आज या जागी मुक्तिबोधांचे स्मारक आहे. पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या राजनांदगावच्या आणखी दोन साहित्यिकांची स्मृतीही तेथेच जपली आहे. महंतांनी बांधलेला वाडा आता सहा वर्षांच्या एका भाडेकरूसारख्या रहिवाशामुळे ओळखला जातो. वास्तू कोणी बांधली हे तिच्या इतिहासाचे पहिले पान असते; तिच्यात बसून कोणी काय लिहिले, हे पान पुष्कळदा नंतर उघडते आणि अधिक काळ वाचले जाते.